बॉनेटला मॅग्नेट चिकटला नाही : गाडीची बॉडी पोलादाची बरी की ॲल्युमिनियमची?

पत्रेवाला (कोल्हापूर)
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

उद्यमनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. हाताखाली तीन पोरं. वडिलांनी मला आधी हातोडी दिलीच नाही, महिनाभर नुसता पत्र्यावरून हात फिरवायला लावला. डोळे मिटून. डोळ्याला दिसत नाही तो खड्डा तळहाताला कळतो, हे त्यांचं सांगणं. पंचवीस वर्षं त्याच हातावर घर चाललंय, म्हणून गेल्या वर्षी जे झालं ते मनातून जाईना.

मे महिन्यात एक मोठी परदेशी बनावटीची गाडी आली. मालक ओळखीचे. मालवणला माडाखाली गाडी लावली आणि बॉनेटवर नारळ पडला. वाटीएवढा खड्डा, मधोमध एक धारदार घडी. कंपनीच्या वर्कशॉपनं 'बॉनेट बदला' म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून ते माझ्याकडं आले. मी म्हटलं, दोन दिवसांत देतो.

रंग घासून काढला आणि स्पॉटरनं, म्हणजे पत्र्याला वॉशर वेल्ड करून खड्डा ओढायच्या मशीननं, वॉशर लावायला गेलो. वॉशर धरेना. वाटलं रंग राहिला असेल, परत घासलं. धरेना. मग बॉनेट उघडून खालनं, आतल्या फ्रेमच्या फटीतनं ठोकायला घेतलं. आपला नेहमीचा पत्रा दोन ठोक्यांत निम्मा आपणहून माघारी येतो, त्याला जुनी जागा आठवते. हा जिथं नेला तिथंच बसला. आवाजही वेगळा. पोलादी पत्रा टणकन वाजतो, हा नुसता ठप्प. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

खड्डा वर आला, पण पत्रा ताणला गेला आणि फुगवटा राहिला. असा फुगवटा आम्ही गॅसनं आखडतो. नाण्याएवढी जागा लाल करायची, कडेनं हलके ठोके द्यायचे, ओलं फडकं दाबायचं. मी टॉर्च लावला आणि लाल व्हायची वाट बघत राहिलो. लाल झालंच नाही. रंग चांदीसारखा जसाच्या तसा, आणि बघता बघता ती जागा आत लोंबली आणि गळाली. बोट जाईल एवढं भोक. मग खिशातला मॅग्नेट काढून लावला. तो घसरून खाली पडला.

मालकांना खरं ते सांगितलं. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून तसलंच बॉनेट आणलं, खर्च मी सोसला. त्याच्या एका कडेला खरवडलेलं होतं, ते नेहमीच्या ग्राइंडरनं घासलं, प्रायमर मारला, रंग करून दिला. दिवाळीला गाडी परत आली. घासलेल्या कडेला रंगाखाली बारीक फोड, नखानं टोकरलं की पांढरी पूड. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, मग हे काय?

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, गाडीच्या बॉडीला पोलाद बरं की ॲल्युमिनियम? माझं मत आधीच सांगतो : आपल्या रस्त्यांना आणि आपल्या गल्लीतल्या कारागिराला पोलादच बरं. पण हे मत हाताच्या सवयीतनं आलंय की खरंच तसं आहे, हे मला ठरवता येईना. दुसरी, आमच्यासारख्या लहान वर्कशॉपनं आता हे काम शिकावं का? चाकणला आणि परदेशात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मंडळी इथं आहेत, म्हणून विचारतो.

बीआयडब्ल्यूवाला (चाकण)
सोमवार, रात्री ११:१५

दादा, टॉर्चचा प्रसंग वाचताना पोटात गोळा आला. इतकं मोकळेपणानं लिहिलंत याबद्दल आधी आभार.

मी वेल्ड शॉपमध्ये आहे. रंग लागायच्या आधीचा नुसता सांगाडा, ज्याला आम्ही 'बॉडी इन व्हाइट' म्हणतो, तो जुळवण्याचं काम. तुमचा वॉशर का धरला नाही ते सांगतो. स्पॉट वेल्डिंग म्हणजे पत्र्यातून करंट जाताना होणाऱ्या विरोधातून उष्णता काढणं. पोलादाला साधारण ८ ते १० हजार अँपिअर पुरतात. ॲल्युमिनियम वीजही पटकन नेतं आणि उष्णताही, त्यामुळे तिथं दुप्पट-तिप्पट करंट लागतो. त्यात वरच्या ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्या पुढे वितळतो. तुमच्या स्पॉटरच्या आवाक्यातलं ते काम नव्हतंच. ॲल्युमिनियमसाठी वेगळा, कपॅसिटरवर चालणारा स्टड वेल्डर येतो, तो वॉशरऐवजी स्टड म्हणजे बारीक खुंट्या लावतो, आणि त्याचे स्टडही ॲल्युमिनियमचेच असतात.

कारखान्यातही हाच पेच आहे. आमच्याकडे एका गाडीला चार-पाच हजार स्पॉट पडतात, रोबो ते मिनिटांत मारतो. ॲल्युमिनियमची बॉडी करायची तर बहुतेक ठिकाणी रिव्हेट आणि गोंद. जॅग्वारची २००३ ची एक्सजे अशीच जुळवलेली होती, तीन हजारांहून जास्त रिव्हेट आणि मधे विमानाच्या बांधणीसारखा चिकटद्रव. म्हणजे नुसता पत्रा बदलून भागत नाही, अख्खी लाइन बदलावी लागते.

पण 'पोलाद' म्हणजे वडिलांच्या वेळचं पोलाद असं आता राहिलेलं नाही, आणि हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. हॉट स्टॅम्पिंगचा प्रेस एकदा जवळून बघावा असा असतो. बोरॉनवालं पोलाद, २२एमएनबी५ म्हणतात त्याला, ९०० अंशांच्या वर तापवून भट्टीतून बाहेर येतं ते केशरी-लाल. रोबो उचलतो, डायमध्ये ठेवतो, प्रेस बंद होतो आणि बंदच राहतो. डायच्या पोटातून गार पाणी फिरत असतं. काही सेकंदांनी उघडला की तोच पत्रा काळसर निळा होऊन बाहेर येतो आणि त्याची ताकद १,५०० मेगापास्कलच्या आसपास गेलेली असते. साध्या पत्र्याची ३०० धरा. साधं ड्रिल बिट त्यावर नुसतं फिरत राहतं.

हे बी-पिलरमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबात असतं. म्हणून हात जोडून विनंती, नव्या गाडीच्या बी-पिलरला गॅस लावू नका आणि ठोकून सरळही करू नका. तापवला की ती ताकद गेली, आणि वरून रंग मारल्यावर कुणालाही कळणार नाही. पुढच्या वेळी बाजूनं धडक बसेल तेव्हाच कळेल. तो भाग बदलायचाच.

शेंगदाणा_चटणी (सोलापूर)
मंगळवार, सकाळी ७:०५

वाचनखूण साठवली. धागा उत्तम. आमच्या शेजारचे काका अजून सांगतात की पद्मिनीचा पत्रा जाड होता, आताच्या गाड्या अंगठ्यानं दाबल्या तरी दबतात, म्हणून त्या असुरक्षित. यावर कुणी जाणकार लिहील का?

कणसीमा (पुणे)
मंगळवार, दुपारी १:३०

मी धातुशास्त्र शिकवते. पत्रेवाला दादांनी जे हातानं अनुभवलं ते मी फळ्यावर आकडे मांडून सांगते, पण तुमच्या 'ठप्प' आवाजाइतकं ते माझ्या मुलांना कधी पटकन समजत नाही.

आधी भोक. पोलाद तापलं की साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपासून मंद लाल दिसू लागतं आणि वितळतं १,४०० च्या पुढे. मधे भरपूर वाव असतो, तुमचे डोळे तोवर सांगत राहतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि बॉनेटच्या मिश्रधातूचं वितळणं त्याच्याही आधी सुरू होतं. लाल दिसायची वेळ येईपर्यंत पत्रा उरतच नाही. म्हणून त्यावर काम करणारे तापमान दाखवणारे खडू किंवा पट्ट्या वापरतात आणि २०० अंशांच्या खालीच राहतात.

दुसरी गोष्ट भोकापेक्षा गंभीर आहे. बॉनेटला बहुधा ६००० मालिकेचा मिश्रधातू असतो, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. प्रेसमध्ये असताना तो मऊ ठेवतात म्हणजे घडी नीट पडते, आणि मग रंगाच्या भट्टीत १८० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं भाजला जातो तेव्हा तो कडक होतो. रंगही वाळतो आणि धातूही तयार होतो, एकाच भट्टीत. तुमच्या टॉर्चनं भोकाभोवतीची ती सगळी कमाई पुसली. भोक बुजवलं असतं तरी ते बॉनेट तिथं मऊच राहिलं असतं. बदललंत हे योग्य केलंत.

आता मूळ प्रश्न. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. 'तिप्पट हलकं' हे सगळे सांगतात. पण ताठपणा मोजला, म्हणजे ओढलं-वाकवलं तर किती दबतं ते, तर पोलाद २१० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियम ७०. तोही एक तृतीयांश! म्हणजे बरोबरी झाली की काय? तर नाही. पत्रा वाकताना त्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. तेव्हा ॲल्युमिनियम साधारण १.४४ पट जाड घेतलं की पोलादाइतका ताठ पत्रा मिळतो आणि वजन निम्मं भरतं. पोलादाचं बॉनेट पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, तर ॲल्युमिनियमचं एक मिलिमीटरच्या आसपास. बॉनेट, डिकीचं झाकण, दारं अशा सपाट पसरट भागांना ते शोभून दिसतं ते यामुळे. खांबांचं गणित निराळं. बी-पिलरची जागा अरुंद असते, तिथं जाडी वाढवायला वाव नसतो आणि हवी असते ती नुसती ताकद. तिथं १,५०० मेगापास्कलचं पोलाद बाजी मारतं.

शेंगदाणा_चटणी, तुमच्या काकांचा अंगठा बाहेरच्या कातडीवर आहे. धडक सोसतो तो आतला सांगाडा. बाहेरचा पत्रा जाड करून प्रवासी वाचत नाही.

एक बाजू मात्र दादांच्या मताच्या जवळ जाते. पोलादाला थकव्याची मर्यादा असते, ताण एका पातळीखाली ठेवला तर कोट्यवधी हेलकाव्यांनंतरही ते टिकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान लहान धक्क्यांचाही हिशोब साठत जातो. अभियंते ते धरूनच जाडी ठरवतात, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, पण खड्ड्यांच्या रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षं चालणाऱ्या गाडीसाठी मी हा मुद्दा हलका मानत नाही.

मिशिगनकर
मंगळवार, रात्री १०:२० (भारतातली वेळ)

कणसीमाताईंच्या काकांबद्दलच्या उत्तराला पुरावा जोडतो. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनं, आयआयएचएसनं, १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर धडकवली. जुन्या गाडीला भरभक्कम पत्रा, लांबलचक नाक, पाहिली की वाटावं हिला काय होणार. धडकेत तिचा प्रवासी-कप्पाच चुरगळला, स्टिअरिंग बाहुल्याच्या अंगावर आलं. नवीचं नाक चेपलं, कप्पा शाबूत. काकांना तो व्हिडिओ दाखवा.

मी डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांच्याच धंद्यात. इथं गल्लीत दर चौथ्या घरासमोर पिकअप उभा असतो. फोर्डनं २०१५ च्या एफ-१५० ची बॉडी आणि मागचा हौदा ॲल्युमिनियमचा केला तेव्हा इथं घराघरांत हाच वाद होता. वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या घरात कमी झालं. खालची चासी मात्र उच्च ताकदीच्या पोलादाचीच ठेवली, हे लोक विसरतात. प्रतिस्पर्ध्यांनी तर हौद्यात टूलबॉक्स पाडून भोक पडतं हे दाखवणाऱ्या जाहिराती केल्या. गाडी तरीही खपत राहिली, कारण इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि दहा वर्षांत पोलादी पिकअपची चाकांवरची कड सडून जाते. सडलेली कड बघितलेल्या माणसाला ॲल्युमिनियम समजावून सांगावं लागत नाही.

दुरुस्तीबद्दल दादांना उपयोगी पडेल असा एक आकडा. त्याच आयआयएचएसनं जुनी पोलादी आणि नवी ॲल्युमिनियमची एफ-१५० कमी वेगात एकमेकींना ठोकून दुरुस्तीचा खर्च काढला. ॲल्युमिनियमचा २६ टक्के जास्त निघाला. फोर्डनं त्या वेळी वर्कशॉपना वेगळी हत्यारं आणि प्रशिक्षण घ्यायला लावलं. माझ्या ओळखीच्या एका लहान बॉडी शॉपवाल्यानं मागं अर्धी जागा पडदा लावून वेगळी केली, आज त्याच्याकडे रांग असते. शिका, असं माझं स्पष्ट मत.

दाभोळखाडी
बुधवार, सकाळी ६:४०

दादांच्या पांढऱ्या पुडीबद्दल सांगतो, कारण आम्ही खाडीकाठची माणसं हे रोज बघतो. पोलाद लाल गंजतं आणि गंज सुटून पडतो, खाली परत नवा गंज. ॲल्युमिनियम स्वतःवर पापुद्रा धरतं आणि थांबतं, हे खरं. पण त्याला पोलादाची संगत मिळाली आणि वर खारं पाणी आलं की दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. होडीला ॲल्युमिनियमच्या पट्टीत कुणी साधा खिळा मारला की दोन पावसाळ्यांत खिळ्याभोवती पांढरं फुलतं. तुमच्या ग्राइंडरच्या चकतीत आधीच्या गाड्यांचा लोखंडी चुरा बसलेला असणार. तो त्या कडेत रुतला आणि रंगाखाली तेच झालं.

लँड रोव्हर १९४८ साली निघाली तेव्हा युद्धानंतर इंग्लंडात पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अंग दिलं. त्या जुन्या गाड्या ज्यांनी सांभाळल्या त्यांना विचारा, पत्रा मधे शाबूत असतो आणि जिथं जिथं पोलादी भागाला टेकतो तिथं फुलतो.

आणि पोलादावाल्यांनी एवढं गंजाला भ्यायचं कारण राहिलेलं नाही. आता बॉडीचा पत्रा जस्ताचा थर देऊनच येतो. आमच्या शेजारच्या रायगडात माणगावजवळ विळे भागाडला पॉस्कोचा कारखाना आहे, गाड्यांसाठी असला जस्ती पत्रा तिथं निघतो. आमच्याकडे गाड्या सडतात त्या बहुधा दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तांबड्या मातीनं बुजतात म्हणून. दर पावसाळ्याआधी एक काडी घालून ती मोकळी करा, दार दहा वर्षं जास्त जगेल.

लालपरी_ना_चुकली
बुधवार, दुपारी ४:१०

कारचा धागा आहे, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरचं हिंगणा, या तीन ठिकाणी महामंडळ स्वतः गाड्यांच्या बॉड्या बांधायचं. चासी बाहेरून यायची आणि वरचं सगळं अंग आपल्या माणसांच्या हातचं. त्या बॉड्या ॲल्युमिनियमच्या. आडवी-उभी सेक्शन, वर पत्रा, आणि रिव्हेटच रिव्हेट. लहानपणी वडिलांबरोबर गेलो की रिव्हेट गनचा तो अखंड तडतडाट अर्धा किलोमीटर आधीपासून ऐकू यायचा. घरी आल्यावरही त्यांच्या कानात तो चालूच असायचा, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे.

त्या बांधणीचे फायदे मी डोळ्यांनी बघितलेत. गाडी हलकी. कोकणातल्या पावसातही पत्रा सडत नसे. घासला गेला तर डेपोतच रिव्हेट ड्रिलनं काढायच्या, तेवढा तुकडा कापायचा, नवीन ठिगळ रिव्हेटनं बसवायचं, संध्याकाळच्या फेरीला गाडी तयार. वेल्डिंग नको, गॅस नको. पत्रेवाला दादा, ॲल्युमिनियम म्हणजे परक्या देशातलं काम असं समजू नका. आपल्या डेपोतल्या पोरांनी ते वर्षानुवर्षं केलंय, त्यांनी फक्त जोडायची रीत वेगळी धरली होती.

पण अपघात झाला की तो पत्रा फाटायचा आणि फाटलेली कड सुरीसारखी. वडील अपघातातून आलेल्या गाड्यांजवळ मला जाऊ द्यायचे नाहीत. २०१८ च्या सुमारास महामंडळानं बांधणी पोलादाची, माइल्ड स्टीलची करायला घेतली ती प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. चौकोनी पोलादी नळ्यांचा पिंजरा, वेल्डिंगनं जोडलेला. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. पहिली पोलादी लालपरी स्वारगेटला बघितली तेव्हा त्यांनी तिच्या खिडकीच्या खांबाला हात लावून दाबून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे आधी व्हायला पाहिजे होतं.' ज्या माणसानं आयुष्यभर ॲल्युमिनियमच्या रिव्हेट मारल्या त्यानं हे म्हणावं, हे मला फार मोठं वाटतं.

बीआयडब्ल्यूवाला (चाकण)
बुधवार, संध्याकाळी ७:३०

लालपरी, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. तुमचा प्रतिसाद घरी आईला वाचून दाखवला.

विद्युतगाडी
बुधवार, रात्री ९:००

सगळ्यांचा आदर ठेवून असहमत. हा वाद पोलादाच्या बाजूनं झुकतोय, पण भविष्य ॲल्युमिनियमचं आहे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच काहीशे किलोंची. ते वजन कुठून तरी वसूल करायला हवं. २०१२ च्या रेंज रोव्हरनं अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची केली तेव्हा नुसता सांगाडा ३९ टक्के हलका झाला. ती कंपनी २००८ पासून टाटांची आहे, आणि २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यातच जुळवली जाते. नारळ पडलेल्या अशा गाड्या दादांकडे वाढतच जाणार. टेस्लानं तर मागचा अख्खा सांगाडा एका ओतकामात काढला, ७०-८० तुकडे जोडायची भानगडच संपली.

बीआयडब्ल्यूवाला (चाकण)
बुधवार, रात्री ११:४०

गाड्या येणार हे मान्य. पण ज्यांनी ही वाट आधी धरली ते पुढे काय करतात ते बघा. ऑडीनं १९९४ मध्ये ए८ ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणली, तेव्हा धंद्यात काहींना वाटलं होतं की पोलाद संपलं. २०१७ च्या ए८ मध्ये त्यांनीच प्रवासी-कप्प्याला हॉट स्टॅम्पिंगचं पोलाद परत आणलं. टेस्लाची २०१२ ची मॉडेल एस जवळपास पूर्ण ॲल्युमिनियमची, आणि २०१७ ची मॉडेल ३, जी जास्त लोकांना परवडावी म्हणून काढली, तिच्या बॉडीत पोलाद भरपूर. किलोमागे ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या तीन-चार पट पडतो. पंधरा-वीस लाखांच्या आतल्या गाडीत तो खर्च मालकाच्या खिशातून जातो, आणि तेच पैसे एअरबॅग आणि चांगल्या पोलादात घातले तर जास्त जीव वाचतात. टाटांच्या नेक्सॉननं २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि ती पोलादी बॉडी.

त्या एका तुकड्याच्या ओतकामाबद्दल मला कळकळीनं वाटतं ते असं : ते ठोकून सरळ होत नाही, ओतीव भाग वाकायच्या आधी तडकतो. जोरात मागून धडक बसली की गाडी भंगारात काढायची का, हा प्रश्न विमा कंपनीसमोर येतो. कारखान्यात वाचवलेले तुकडे गाडीमालकाच्या बिलात येतात.

सड्यावरचा
गुरुवार, सकाळी ८:१५

मी शाहूवाडीचा. ज्या ॲल्युमिनियमबद्दल बोलताय त्याची माती आमच्या सड्यावरची आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड, या पट्ट्यात जांभ्याच्या थरात बॉक्साइट सापडतं. इथलं बॉक्साइट वर्षानुवर्षं बेळगावच्या कारखान्याकडे गेलंय. ट्रकमागून गाडी चालवली की काचेवर तांबडी धूळ बसते, तीच. तो कारखाना आता हिंडाल्कोकडे आहे, आणि त्याच हिंडाल्कोनं २००७ मध्ये नोव्हेलिस घेतली, जी फोर्ड आणि रेंज रोव्हर दोघांनाही गाडीचा पत्रा पुरवते.

हलक्या गाडीला तेल कमी लागतं म्हणून ॲल्युमिनियम पर्यावरणाला चांगलं, असं सरसकट लिहिलं जातं. खाणीपासून हिशोब मांडा. एक किलो ॲल्युमिनियम काढायला १४ युनिटच्या आसपास वीज लागते, आणि आपल्या देशात ती बहुतेक कोळशाची. बाहेर पडणारा कार्बन किलोमागे पोलादाच्या कितीतरी पट. तीच धातू भंगारातून परत वितळवली तर मात्र वीस हिश्श्यांतला एक हिस्सा ऊर्जा पुरते. म्हणून ॲल्युमिनियमची गाडी चांगली की वाईट हे ती कुठल्या विजेवर बनली आणि शेवटी तिचा पत्रा वेगळा काढून परत वितळवला का, यावर ठरतं. दादा, तुमच्या त्या भोक पडलेल्या बॉनेटचं काय केलंत?

कणसीमा (पुणे)
गुरुवार, सकाळी ११:००

सड्यावरचा, फार महत्त्वाचा मुद्दा. भर एवढीच घालते की भंगारात ६००० मालिकेचा पत्रा इंजिनाच्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये मिसळला की त्यातून परत बॉनेटचा पत्रा निघत नाही, सिलिकॉन फार वाढतो. पोलादातही तांबं मिसळलं की असंच होतं. वेगवेगळं ठेवणं हे भंगारवाल्याच्या हातात असतं आणि त्याच्या आधी वर्कशॉपवाल्याच्या.

पत्रेवाला (कोल्हापूर)
रविवार, रात्री ८:३०

उशिरा उत्तर देतोय, कारण चार दिवस हेच करत होतो.

ते बॉनेट अजून मागं भिंतीला टेकवलेलं आहे. भंगारवाला पोलादाच्या ढिगात टाकत होता, थांबवला. आता ॲल्युमिनियमसाठी वेगळा ड्रम ठेवलाय.

बी-पिलरचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मी दोन गाड्यांचे खांब गॅसवर सरळ केलेत. एका मालकांना फोन लागला, सगळं सांगितलं, ते बुधवारी गाडी घेऊन येतायत. दुसऱ्यांनी गाडी विकली आहे, नंबरवरून शोध चालू आहे. पोरांना एकत्र बसवून ताकीद दिली की खांबाला टॉर्च लागणार नाही, म्हणजे नाही.

मत बदललं का? निम्मं. सांगाडा पोलादाचाच हवा, हे कणसीमाताई आणि लालपरींच्या वडिलांमुळं आणखी पक्कं झालं. पण बॉनेट, डिकी, दारं ॲल्युमिनियमची येणार आणि ती आम्हाला जमली पाहिजेत. 'बदला' हे उत्तर गाडीवाल्याला प्रत्येक वेळी परवडत नाही आणि ते ऐकून आमच्या धंद्यातली पोरं हातातली कला सोडतील.

म्हणून मागच्या बाजूची शेड रिकामी केली. मेणकापडाचा पडदा लावला. हातोडी, डॉली, पॅड, स्टेनलेसचा ब्रश, चकत्या, सगळं नवं घेतलं आणि मुठींना निळी टेप गुंडाळली. निळ्या टेपचं हत्यार पडद्याबाहेर येणार नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते असं पुरवठादारानं सांगितलं, म्हणून तिथं गॅस सिलिंडरही ठेवला नाही. कपॅसिटरवाला स्टड वेल्डर पुण्यातून मागवलाय. बीआयडब्ल्यूवाला साहेब, तो आला की सेटिंगबद्दल तुम्हाला त्रास देणार आहे. घासल्यापासून किती वेळात इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे तेही नीट सांगा.

आणि गेटवर, पावतीपुस्तकाशेजारी, दोरीला बांधून मॅग्नेट लटकवलाय. गाडी आत यायच्या आधी धाकटा पोरगा आता तो बॉनेट, चारी दारं, डिकी, सगळीकडं लावून बघतो आणि पावतीवर लिहितो. परवा एका गाडीच्या मागच्या दाराला मॅग्नेट घसरला. मी धावत गेलो, तर निघाली जाड पुट्टी. कुणीतरी आधी भरून ठेवलेली.

बीआयडब्ल्यूवाला (चाकण)
रविवार, रात्री ९:०५

दादा, त्रास कसला. प्रायमर जितक्या लवकर लागेल तितकं बरं, घासून रात्रभर तसंच ठेवायचं नाही. पापुद्रा लगेच परत धरायला लागतो. मशीन आलं की फोटो टाका, सेटिंग इथंच लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल. आधी भंगारातल्या तुकड्यावर दहा स्टड मारून उपटून बघायचे. ते भोकवालं बॉनेट त्यासाठी ठेवा, ड्रममध्ये टाकू नका.